फाळका लावण्याआधी: शेळ्या-मेंढ्या लांबच्या बाजाराला पाठवताना काय बघायचं

आमच्या भागात मेंढरू विकलं की हिशेब मिटला असं धरतात. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, नोटा मोजल्या जातात, दावं दुसऱ्याच्या हातात जातं. ते मेंढरू त्या रात्री कुठं उभं होतं, त्याला पाणी कुणी दाखवलं का, हे विचारायची रीत नाही. मीही कित्येक वर्षं विचारलं नाही.

मग एका मे महिन्यात एका व्यापाऱ्याची ६२ मेंढरं एकाच ट्रकच्या हौद्यात भरायला मी हात लावला. शेवटची पाच-सहा आत जाईनात, तेव्हा मीच खांदा देऊन ती ढकलली आणि मागच्या फाळक्याची कडी घातली. मोगराळे घाट उतरून गाडी लोणंदला चहाला थांबली. ताडपत्री वर केली तर केबिनच्या बाजूला सात मेंढरं बाकीच्यांच्या खाली दबून मेलेली. अंगावर एक ओरखडा नाही. उतारावर सगळा कळप पुढं घसरला, पुढच्यांची छाती दबली, श्वास कोंडला. व्यापारी म्हणाला, ‘एवढी घट धरावीच लागते.’

खाली लिहिलंय ते आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर, किंवा साताऱ्याकडच्या माण-खटाव-फलटणच्या पशुपालकासाठी आणि छोट्या व्यापाऱ्यासाठी. मोठ्या निर्यातदाराकडं माणसं असतात, वकीलही असतात. आपल्याकडं एक पिकअप, एक दोर आणि घाई असते.

आधी विचारा: माल जाणार कुठं?

सौदा ठरला की हा पहिला प्रश्न. आटपाडीचा शनिवार, लोणंदचा गुरुवार, म्हसवडची किंवा जतची यात्रा, इथून निघालेलं जनावर जवळच्या खाटकाकडं जातं, पाळायलाही जातं, मुंबईला देवनारच्या कत्तलखान्यालाही जातं. काही माल हात बदलत बदलत आणखी पुढं जातो. कच्छमधल्या तुणा बंदरातून शेळ्या-मेंढ्या लाकडी जहाजांवर चढून आखाती देशांत जात आल्या आहेत. गावातल्या माणसाला हे ठाऊक नसतं, कारण तीन हात बदलल्यावर मेंढरू ‘माल’ होतं आणि मालाला गाव नसतं.

ठिकाण का विचारायचं? कारण त्यावर तयारी ठरते. तीन तासांच्या वाटेला लागतं ते वेगळं आणि दहा तासांच्या वाटेला लागतं ते वेगळं. पुढं बोट असेल तर गोष्टच निराळी.

बोटीवर नेमकं काय होतं ते इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते समजलं की ट्रकचं गणितही आपोआप समजतं. मेंढराला माणसासारखा घाम सुटून गारवा मिळत नाही. ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं. हवा कोरडी असेल तर हे जमतं. समुद्रावरची हवा दमट, त्यात हजारो जनावरांचा श्वास आणि खाली मुताचा अमोनिया. अशा हवेत कितीही धापा टाकल्या तरी उष्णता बाहेर पडत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून आखाताकडं निघालेल्या ‘अवासी एक्सप्रेस’ या जहाजावर सुमारे २,४०० मेंढरं अशीच उष्म्यानं मेली. पुढच्या वर्षी त्याची चित्रफीत टीव्हीवर आली आणि तिकडं लोक खवळले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं कायदा केला: १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात बंद. न्यूझीलंडनं २०२३ मध्येच समुद्रमार्गे जिवंत जनावरं पाठवणं थांबवलं. ब्रिटननंही २०२४ मध्ये कत्तलीसाठी आणि पोसण्यासाठी होणारी निर्यात कायद्यानं बंद केली.

ही जहाजं पुष्कळदा दुसऱ्याच कामासाठी बांधलेली, जुनी झाल्यावर जनावरांसाठी फिरवलेली असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुमानियाच्या मिडिया बंदराजवळ ‘क्वीन हिंद’ कलंडलं. त्यावरच्या १४,००० हून अधिक मेंढ्यांपैकी दोनशेसुद्धा वाचल्या नाहीत. जून २०२२ मध्ये सुदानच्या सुवाकिन बंदरात धक्क्यालाच एक जहाज बुडालं आणि १५,००० च्या वर मेंढरं गेली. जहाजात झेपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त माल भरला होता, असं तिथल्याच बंदर अधिकाऱ्यांनी सांगितलं. वाचताना मला आपलाच हौदा आठवला. ६२.

आपल्याकडंही हा वाद नवा नाही. २०१८ च्या उन्हाळ्याअखेर नागपूरहून विमानानं शारजाला शेळ्या-मेंढ्या पाठवायचं ठरलं होतं; विरोध झाला आणि बेत स्थगित झाला. जून २०२३ मध्ये केंद्रानं पशुधन आयात-निर्यातीच्या नव्या विधेयकाचा मसुदा मांडला, तोही ओरड झाल्यावर त्याच महिन्यात मागे घेतला. भाव चांगला मिळेल म्हणून काही पशुपालक त्या वेळी निर्यातीच्या बाजूनं बोलत होते, आणि त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. चारा छावणीचं वर्ष ज्यानं काढलंय, त्याला दोन पैसे जास्त देणारा कुणीही वाईट दिसत नाही. पण त्या दोन पैशांतले किती रस्त्यात सांडतात, याचा हिशेब शेवटी करू.

पंधरा दिवस आधी: टपातलं पाणी आणि घमेल्यातला दाणा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त जीव हीच वाचवते.

आपली मेंढरं रानावर वाढलेली. ओढ्याला, तळ्याला, कालव्याला तोंड लावून पाणी पिणारी. दिवाळीनंतर कृष्णाकाठाला उसाच्या रानात बसायला गेलेली, पावसाळ्याला परत आलेली. त्यांनी निळा प्लॅस्टिकचा टप आयुष्यात पाहिलेला नसतो. प्रवासात आपण टप पुढं करतो, ती मान फिरवतात आणि आपण म्हणतो, ‘तहान नाही त्यांना.’ तहान असते. ओळख नसते.

ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यकांनी बोटीवरच्या मरतुकीचं एक मोठं कारण हेच शोधून काढलं. कुरणावर वाढलेली काही मेंढरं गोळीखाद्याला तोंडच लावत नाहीत. उपाशी राहतात, अशक्त होतात, मग साल्मोनेलाच्या जंतूंनी हगवण लागते आणि मरतात. खाद्य पुढं ठेवलेलं असतं आणि जनावर भुकेनं जातं.

म्हणून विकायचा लॉट ठरला की तो वेगळा काढा. रोज संध्याकाळी वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, आणल्यावर टपातच पाणी द्या. पहिले दोन दिवस बाहेर पाणी न दाखवता आणा, म्हणजे टपाकडं येतील. घमेल्यात मूठभर भरडा किंवा पेंड द्या. एकदम जास्त देऊ नका, पोटात आंबतं आणि जनावर बसतं. आठ-दहा दिवसांत सगळी शिकतात, आधी शेळ्या शिकतात आणि त्यांचं बघून मेंढ्या.

लस टोचायची असेल तर याच सुमाराला. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष होणारा रोग) यांची लस झालेली नसेल तर आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. लोकर कातरायची असेल तर तीही आठ-दहा दिवस आधी. आज कातरलं आणि रात्री उघड्या गाडीत भरलं, तर उन्हाळ्यातसुद्धा पहाटेचा वारा बाधतो.

कोण जाणार नाही

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, लॉट एकेक करून समोरून चालवा. बसून बघू नका, चालताना बघा.

लंगडणारं, एका डोळ्यानं किंवा दोन्हींनी आंधळं, नाकातून घट्ट शेंबूड वाहणारं, मागं घाण झालेलं, उघडी जखम असलेलं जनावर मागं ठेवा. मेंढीचा गाभणकाळ साधारण दीडशे दिवसांचा. शेवटच्या महिन्यातली गाभण मेंढी गाडीत घालू नका, हिसक्यानं गाभडते. नुकतीच व्यालेलीही नको. एखाद्याची शंका आली तर थर्मामीटर लावा: १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप आणि जनावर सावलीत, शांत उभं असेल, तर ते जाणार नाही.

व्यापारी म्हणतो, ‘घाला हो, रस्त्यात काही होत नाही, लॉट फुटतो.’ लॉट फुटू द्या. मागं ठेवलेलं एक जनावर आठ दिवसांनी विकता येतं. गाडीत पडलेलं एक जनावर मात्र आणखी दोन-तीन घेऊन जातं, कारण बाकीची त्याच्यावर उभी राहतात.

कागद

कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांचं. कानात बारा आकडी बिल्ला हवा. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पशुवैद्यकाचा दाखला हवा: ही जनावरं प्रवासाला योग्य आहेत, संसर्गजन्य रोग दिसत नाही, असा. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत सहा तासांच्या वरच्या प्रवासाला शेळ्या-मेंढ्यांसाठी हा दाखला सांगितलेला आहे. त्याच नियमांत एक लेबलही लावायला सांगितलंय, लाल ठळक अक्षरांत: पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, जनावरं किती आणि कोणती, सोबत चारा किती. मी आजवर असं लेबल लावलेली एकही गाडी पाहिली नाही. तुम्ही पुठ्ठ्यावर लिहून लावलंत तर पहिले ठराल, आणि रस्त्यात कुणी गाडी अडवली तर अर्धं बोलणं तो पुठ्ठाच करेल.

बाजार समितीची पावती, गाडीचे कागद, ड्रायव्हरचा परवाना हे असतंच. माल परदेशी जाणार असेल तर घेणाऱ्या देशाचा परवाना, त्यांच्या अटीप्रमाणे विलगीकरण आणि केंद्राच्या पशु विलगीकरण सेवेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ही जबाबदारी निर्यातदाराची. ‘निर्यातीचा माल आहे’ म्हणून कुणी जास्त भावाचं बोलत असेल तर हे कागद दाखवा म्हणावं. त्या प्रश्नावर कितीतरी निर्यातदार पुन्हा साधे व्यापारी होतात.

कायद्याचा धाक म्हणाल तर तो कागदावरच. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. जनावराला यातना होतील अशी वाहतूक केली तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज पन्नास रुपयांत गाडीवरच्या माणसांचा चहासुद्धा होत नाही. तेव्हा दंडाच्या भीतीनं कुणी सुधारेल ही आशा मी सोडली आहे.

हौदा मोजा, टेप लावून

ड्रायव्हरला विचारू नका किती बसतात. त्याचं उत्तर भाड्याकडं बघून येतं.

मोटार वाहन नियमांत २०१५ च्या दुरुस्तीनं शेळी-मेंढीला डोईमागे ०.३ चौरस मीटर जागा ठरवून दिली आहे. आपल्या मापात सव्वातीन चौरस फूट. १९७८ च्या नियमांत वजनाप्रमाणे थोडी कमी-जास्त होती: २० किलोपर्यंतच्या लोकरवाल्या मेंढीला ०.१८, ३० किलोच्या वर ०.२८. मी सव्वातीन फूट हाच आकडा धरतो, लक्षात ठेवायला सोपा आणि जनावराला बरा.

आता गणित. हौदा १७ फूट लांब आणि ७ फूट रुंद असेल तर ११९ चौरस फूट. भागिले सव्वातीन, म्हणजे ३६. साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये ४० पेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या नकोत, हे जुन्या नियमातही स्पष्ट आहे. पिकअपचा हौदा ८ बाय साडेपाच असेल तर ४४ चौरस फूट, म्हणजे १३. तुमच्या डोळ्यांपुढं आत्ता कुठल्या तरी पिकअपमधली पंचवीस-तीस डोकी आली असतील.

काहीजण उलटं सांगतात: ‘गच्च भरली की पडत नाहीत, एकमेकांना टेकून राहतात.’ हे मीही मानायचो. टेकून राहतात हे खरं, पण एक खाली बसलं की त्याला उठायला जागा राहत नाही. शिवाय गच्च भरलेल्या हौद्यात वारा फिरत नाही. अगदीच मोकळं सोडणंही बरं नाही, वळणावर फेकली जातात. छत्तीसच्या जागी पंधराच असतील तर मागचा भाग आडवा बांधून जागा कमी करा.

आणि अडसर. लोणंदच्या सात मेंढरांनी मला हे शिकवलं. हौद्यात दर दोन-तीन मीटरवर आडवा अडसर हवाच; मी १७ फुटी गाडीत दोन अडसर घालून तीन खण करतो. बांबू किंवा वासे, दोन पातळ्यांवर, मेंढीच्या छातीएवढ्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीला, नायलॉनच्या दोरीनं दोन्ही बाजूंना करकचून. एका खणात बारा जनावरं असतील तर घाटात ब्रेक लागला तरी बाराच पुढं सरकतात, छत्तीस नाही. खर्च म्हणाल तर चार बांबू आणि अर्धा तास.

खण पाडताना वाटणीही करा. मेंढे आणि बोकड वेगळे, माद्या वेगळ्या. दीड महिन्याच्या आतली पिल्लं आयांसकट वेगळ्या खणात. शिंगवाल्या शेळ्या आणि बिनशिंगी मेंढ्या एकत्र नकोत. उस्मानाबादी शेळी गर्दीत शिंग चालवते आणि मेंढी मुकाट सोसते.

तळाला पाचट टाका. सांगली जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, उसाचा फड तुटल्यावर लोक ते पेटवून देतात. नियम पाच सेंटिमीटरचा, मी वीतभर टाकतो, दबून तेवढंच राहतं. पत्र्यावर मूत पडलं की खूर ठरत नाहीत आणि एकदा पाय फाकले की मेंढी उठत नाही. पाचटाखाली थोडी वाळू किंवा मुरूम पसरला तर आणखी चांगलं.

दुमजली गाडी करणार असाल तर दोन गोष्टी बघा. वरच्या मजल्याची फळी गळकी नको, नाहीतर रात्रभर खालच्यांच्या पाठीवर मूत टपकतं. आणि उंची: माडग्याळी मेंढं उंच असतं, त्याला मान वाकवून दहा तास उभं करणं हा छळच. डोक्यावर वीतभर तरी हवा खेळली पाहिजे. तेवढी मिळत नसेल तर दुमजली नको. ताडपत्री वरून टाका, बाजू बंद करू नका.

चढवणं

निघण्याच्या तीन-चार तास आधी ओला चारा बंद. थोडा कडबा चालेल. पाणी मात्र शेवटपर्यंत.

गाडी सपाट जागी उभी करून मेंढरं उचलून टाकायची पद्धत सोडा. रानातला बांध शोधा. हौद्याच्या उंचीचा किंवा थोडा कमी बांध असेल, तिथं गाडी मागं लावली की फाळका बांधावर टेकतो आणि मेंढरं चालत आत जातात. बांध नसेल तर फळी लावा, पण उभी शिडीसारखी नको, निसरडीही नको. फळीवर पोतं अंथरून आडव्या पट्ट्या ठोका. फळीच्या दोन्ही बाजूंना माणूस किंवा वाघर उभी करा. खाली मोकळं दिसलं की मेंढरू अडतं.

पहिली शेळी आत न्या. सगळ्या धनगरांना हे माहीत आहे, तरी गाडीशी आल्यावर सगळे विसरतात आणि आरडाओरडा सुरू होतो. एक सवयीची शेळी हातात पाला धरून आत नेली की मेंढरं तिच्या मागं जातात. ओरडायचं नाही, शेपूट पिळायची नाही, काठीनं टोचायचं नाही. लोकर धरून तर अजिबात उचलायचं नाही. कातडीखाली रक्त साकळतं आणि खाटीक तो भाग काढून टाकतो. म्हणजे मार मेंढराला आणि तोटा आपल्याला. एखादं उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली. पाय बांधू नका. चार पाय बांधून पोत्यासारखं टाकलेलं जनावर पोट फुगून मरतं.

मोटारसायकलवर बोकड आडवा बांधून नेणाऱ्याला वेगळं काही सांगत नाही. त्याला ते दिसतंच आहे.

वेळ आणि रस्ता

एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात आली आहे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे मालाची सगळ्यात मोठी हालचाल पूर्वी पाऊस लागता लागता व्हायची, ती पुढची काही वर्षं भर मे महिन्यात आणि नंतर एप्रिलमध्ये होणार. बापजाद्यांच्या अंदाजानं गाडी भरू नका. माणदेशातला मे आणि मुंबईजवळची दमट हवा, दोन्हींतून एकाच रात्री त्या जनावराला जायचंय.

आटपाडीहून देवनार साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दिघंची, म्हसवड, दहिवडी, मोगराळे घाट, फलटण, लोणंद, शिरवळला हायवे, मग पुणे आणि बोरघाट. सूर्य मावळल्यावर निघा, उजाडायच्या आत उतरवा. दिवसा निघणंच भाग असेल तर माल कमी भरा, छत्तीसच्या जागी तीस.

पहिला थांबा लवकर घ्या, अर्ध्या तासात, दिघंचीच्या आसपास. पडायची ती पहिल्या अर्ध्या तासात पडतात, पाय ठरलेले नसतात म्हणून. बॅटरी मारून प्रत्येक खणात बघा. मग मोगराळे घाटाच्या आधी एकदा, उतरल्यावर एकदा, आणि पुढं दर दोन-अडीच तासांनी. गाडी उभी करायची ती वाऱ्याच्या तोंडाला आडवी, म्हणजे वारा हौद्यातून आरपार जातो. चालत्या गाडीत वारा असतो; जीव जातो तो उभ्या गाडीत. ढाब्यावर पाऊण तास जेवायला थांबलेली भरलेली गाडी मेंढरांसाठी भट्टी आहे.

उष्मा ओळखायचा कसा? बरगडीमागची कूस बघा आणि पंधरा सेकंद मोजा, मग चारनं गुणा. शांत मेंढीचा श्वास मिनिटाला वीसेक असतो. शंभराच्या वर गेला की थांबायचंच. तोंड उघडं आणि जीभ बाहेर आली असेल तर आधीच उशीर झालाय: सावली, वारा, पायांवर आणि पोटाखाली पाणी, टपात पाणी. पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालायला हरकत नाही. नाकात-घशात पाणी ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

गाडीत ड्रायव्हरसोबत जनावर कळणारा एक माणूस हवा, आणि त्याच्यापाशी एवढं सामान: दोन टप, पन्नास लिटरचा पाण्याचा ड्रम, बॅटरी, कात्री, दोर, जखमेचं मलम, कापूस, थर्मामीटर, कडब्याच्या दहा पेंढ्या.

रस्त्यात आडवं पडलं तर

आधी बाकीची मागं सारा, मग त्याला उठवा. पायाला दोर बांधून ओढू नका. उठत नसेल तर दोघांनी पोत्याच्या झोळीत घेऊन खाली काढा, सावलीत कुशीवर आडवं न ठेवता छातीवर बसतं करा, म्हणजे पोट फुगत नाही. १९६२ हा पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांक आहे, तो लावा. पाय मोडला असेल, जनावर वाचण्यासारखं नसेल, तर पुढं शंभर किलोमीटर ते तसंच नेणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. निर्णय पशुवैद्यकावर सोडा, पण तो लवकर घ्यायला लावा.

दुसऱ्याच्या गाडीत असं काही दिसलं तर गाडीचा नंबर, जागा, वेळ टिपून ११२ ला कळवा. जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, तिथंही लेखी देता येतं. गाडी आपण अडवायची नाही, ड्रायव्हरवर हात टाकायचा नाही. गाडी रस्त्यात तीन तास अडवून ठेवली तर आतली मेंढरंच मरतात, आणि अडवणाऱ्याला वाटतं आपण वाचवली.

उतरवल्यावर

उतरवतानाही फळी हवीच. उडी मारलेल्या मेंढीचा पुढचा पाय जातो. उतरल्यावर आधी पाणी, अर्ध्या तासानं वाळला चारा, दाणा दुसऱ्या दिवशी. जिवंत किती उतरली, पडलेली किती, लंगडणारी किती, हे ड्रायव्हरनं फोन करून सांगायचं असं भाडं ठरवतानाच बोलून ठेवा. मी भाड्यातले पाचशे रुपये सगळी धड उतरल्यावर देतो. या एका अटीनं ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जेवढा हलका झाला, तेवढा कुठल्याही नियमानं झाला नसता.

आता पैशाचा हिशेब

लांबच्या प्रवासात मेंढराचं पाच ते दहा टक्के वजन उतरतं. थोडं पोटातलं, थोडं अंगातलं पाणी. मधला आकडा सात टक्के धरा. ३२ किलोच्या मेंढीचं सव्वादोन किलो गेलं. जिवंत वजनाला किलोमागे ४०० रुपये धरले तर डोईमागे सुमारे ९०० रुपये, चाळीस मेंढरांच्या गाडीला ३६,०००. एकही मेंढरू मेलं नाही असं धरून. ही घट व्यापारी स्वतः सोसत नाही, ती आपल्याला दिलेल्या भावातून आधीच कापलेली असते. म्हणून बाजारात नजरेनं नाही, काट्यावर विका, आणि वजन आपल्या वाड्यावर करा, उतरण्याच्या जागी नाही.

आखाताला मटण हवंय हे खरं आहे. पण संयुक्त अरब अमिरातीला भारतातून शेळ्या-मेंढ्यांचं गार केलेलं मटण विमानानं जातंच. धापा टाकणारं जनावर समुद्रावरून नेण्यापेक्षा परवानाधारक कत्तलखान्यातून मटण पाठवणं त्याच्या जिवाला सोपं आणि घट वाचवणारं. अडचण एवढीच की असा कत्तलखाना आणि शीतगृह आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर हवं. मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं रांजणीला आणि दहिवडीला आहेत, मेंढरांचे बाजार आटपाडी, लोणंद, म्हसवडला आहेत, सगळा माल याच पट्ट्यात आहे. ग्रामसभेत, बाजार समितीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हे विचारायला पैसे पडत नाहीत: बाजारात सावलीची शेड कुठं आहे, पाण्याची टाकी कुठं आहे, गाडी लावायला उतरता धक्का का नाही? सिमेंटचा एक धक्का, दहा फूट लांब, हौद्याच्या उंचीचा. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांसाठी कारखान्याच्या दारात काय काय बांधतात.

तोवर आम्ही गावात चौघांनी मिळून ओढ्याकाठचा एक बांध धोंडे लावून पक्का केलाय. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या तिथंच मागं लागतात. टेप बांधावरच्या बाभळीला टांगलेली असते.